आफ्रिकेतील बालपरिचर्या : शिक्षण, सेवा आणि सरकारी दप्तर

आफ्रिका खंडाच्या लोकसंख्येत पंधरा वर्षांखालील मुलांचे प्रमाण शेकडा चाळीसच्या घरात आहे. सहाराच्या दक्षिणेकडील कोणत्याही जिल्हा इस्पितळात पाऊल टाकले तर गर्दी उसळलेली दिसते ती बहुधा बालकांच्या विभागातच. आणि तरीही त्या विभागात रात्रंदिवस उभ्या असलेल्या परिचारिकांमध्ये बालकांच्या शुश्रूषेचे स्वतंत्र शिक्षण घेतलेली परिचारिका शोधू गेल्यास ती पुष्कळ ठिकाणी सापडत नाही, किंवा सापडलीच तर प्रौढांच्या शस्त्रक्रिया विभागात मलमपट्टी करताना सापडते. या शेवटच्या वाक्यांशात विनोदाचा भाग नाही. बालपरिचर्येच्या शिक्षणावर खर्च करावयाचा आणि शिक्षण पुरे होताच त्या परिचारिकेची भलत्याच खात्यात नेमणूक करावयाची, हा कारभार आफ्रिकेतील अनेक देशांत वर्षानुवर्षे चालू आहे, आणि या विषयाचा आढावा घेताना माझ्या मते सर्वांत अधिक विचार त्याचाच करावयास हवा.

आकड्यांचा हिशेब प्रथम उरकून घेऊ. २०२२ साली जगात पाचव्या वाढदिवसापूर्वी मृत्यू पावलेल्या बालकांची संख्या सुमारे ४९ लाख होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिक बालके सहाराच्या दक्षिणेकडील देशांतील होती. वस्तुतः जगातील एकूण जन्मांपैकी सुमारे तीन-दशांशच जन्म त्या भूभागात होतात. संयुक्त राष्ट्रांनी ठरविलेल्या उद्दिष्टाप्रमाणे २०३० पर्यंत प्रत्येक देशाने हे बालमृत्यू हजार जिवंत जन्मांमागे २५ पर्यंत खाली आणावयाचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली परिचर्येच्या व्यवसायाची जी जगद्व्यापी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्या अन्वये जगातील परिचारिका-परिचारकांची संख्या २ कोटी ७९ लाख आणि तूट ५९ लाख होती. दर दहा हजार लोकांमागे अमेरिका विभागात ८३.४ परिचारिका, तर आफ्रिका विभागात अवघ्या ८.७. असे आकडे समोर आले की मन साहजिकच एका सरळ उपायाकडे धावते : शाळा वाढवा, जागा वाढवा, संख्या वाढवा. संख्या वाढावयास हवी यात शंका नाही. परंतु ज्यांना अर्भकाचा श्वास मोजता येत नाही अशा दहा जणी एका विभागात उभ्या केल्याने त्या अर्भकाचे काय भले होणार, हा प्रश्न संख्येच्या कोष्टकात बसत नाही.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे वाक्य वैद्यकाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत छापलेले असते. त्याचा अर्थ मात्र वर्गात कळत नाही, खाटेपाशी कळतो. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० वा अधिक झाला, एक वर्षाखालील बाळाचा ५० वा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या बालकाचा ४० वा अधिक, तर तो वेगवान समजावा, हा नियम पाठ करण्यास पाच मिनिटे पुरतात. परंतु रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या, आईच्या पदराआड लपणाऱ्या मुलाचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजून तो आकडा भीतीचा की न्यूमोनियाचा हे ओळखण्यास अनुभवी शिक्षिकेच्या नजरेखाली काढलेले कित्येक महिने लागतात. प्रौढाला सलाईन शंभर मिलिलिटरने अधिक गेले तर त्याची मूत्रपिंडे ते निस्तरतात. तीन किलोच्या अर्भकाला तेवढेच अधिक गेले तर फुप्फुसांत पाणी भरते. औषधाची प्रत्येक मात्रा वजनावरून काढावयाची, म्हणून दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दसपट होते. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की हा रुग्ण आपले दुखणे सांगत नाही. तीव्र कुपोषणाने सुजलेले मूल तर रडतही नाही, मागतही नाही. ज्या विभागात चाळीस मुले आक्रोश करीत आहेत तेथे कोपऱ्यातील जे निपचित मूल कोणाला त्रास देत नाही, तेच बहुधा सर्वांत आजारी असते, आणि अशिक्षित डोळा नेमका त्याच्यावरून घसरून जातो. अशा मुलाला ऊब द्यावयाची, त्याच्या रक्तातील साखर उतरू द्यावयाची नाही, सूज दिसली म्हणून लघवी वाढविणारे औषध द्यावयाचे नाही, आणि दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडे थोडे पातळ अन्न पोटात घालावयाचे. यांत मोठे यंत्र कोठेच नाही, डॉक्टरही अल्पकाळच आहे. जे आहे ते सर्व परिचारिकेचे काम आहे, आणि रात्री दोनचा आणि पहाटे चारचा तो घास चुकला तर दिवसा केलेली सर्व चिकित्सा व्यर्थ जाते.

या विधानाला उत्तम पुरावा मलावी देशातील ब्लांटायर शहराचा आहे. तेथील क्वीन एलिझाबेथ मध्यवर्ती रुग्णालयात बालकांच्या बाह्यरुग्ण विभागापुढे रोज लांबच लांब रांग लागे, आणि रांगेचा न्याय असा की जो आधी आला त्याला आधी पाहावयाचे; परिणामी आचके देणारे मूल खोकल्याच्या मुलामागे तिष्ठत राही, आणि रुग्णालयात होणाऱ्या मृत्यूंपैकी पुष्कळसे पहिल्या चोवीस तासांतच घडत. तेथील बालरोगतज्ज्ञ एलिझाबेथ मॉलिनो आणि त्यांचे सहकारी यांनी ही व्यवस्था बदलली. रांगेतील प्रत्येक मुलावर दाराशीच नजर फिरवून तातडीचे, अग्रक्रमाचे आणि थांबू शकणारे अशी निवड परिचारिकांनी व साहाय्यकांनी करावी, तातडीच्या मुलावर तेथल्या तेथे उपचार सुरू व्हावेत, आणि बाह्यरुग्ण व आंतररुग्ण विभागांतील कर्मचाऱ्यांनी एकमेकांशी जोडलेले राहावे, एवढीच ही सुधारणा. तिच्यापूर्वी दाखल मुलांपैकी शेकडा १० ते १८ दगावत. नंतर ते प्रमाण शेकडा ६ ते ८ वर आले. जागतिक आरोग्य संघटनेने हीच पद्धती पुढे अभ्यासक्रमाच्या रूपाने अनेक देशांत नेली. नवे औषध नाही, नवी इमारत जवळपास नाही. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला काय पाहावे हे शिकविले आणि जे दिसले त्यावर कृती करण्याचा अधिकार दिला. शिक्षण आणि अधिकार हे दोन्ही शब्द येथे सारखेच महत्त्वाचे आहेत.

आता मागे वळून पाहू. आधुनिक परिचर्या आफ्रिकेत आली ती मिशनरी आणि वसाहतींचे सरकार यांच्या हाताने. केप वसाहतीने १८९१ साली परिचारिकांच्या शासकीय नोंदणीचा कायदा केला, आणि हा मान जगात तिचा पहिला. किंबर्लीच्या सिस्टर हेन्रिएटा स्टॉकडेल यांच्या खटपटीचे ते फळ होते. १९०८ साली सिसिलिया माकिवाने ही नोंदणी मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय दक्षिण आफ्रिकी परिचारिका झाली. इंग्लंडमध्ये १९१९ च्या नोंदणी कायद्याने आजारी मुलांच्या परिचारिकांसाठी स्वतंत्र पुरवणी पट मान्य केला होता. आफ्रिकेतील वसाहतींत रुजला तो मात्र मुख्यतः सर्वसाधारण परिचारिकेचाच साचा, आणि स्वातंत्र्योत्तर सरकारांनी तो जवळजवळ जसाच्या तसा पुढे चालविला. मुलांसाठी खास रुग्णालये फार थोडी निघाली : अक्रातील प्रिन्सेस मेरी लुईझ रुग्णालय १९२६ चे, नैरोबीचे गर्ट्रूड्स १९४७ चे, आणि केपटाउनचे रेड क्रॉस वॉर मेमोरियल चिल्ड्रन्स हॉस्पिटल, जे दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांचे स्मारक म्हणून १९५६ साली सुरू झाले. जोहान्सबर्गचे नेल्सन मंडेला बालरुग्णालय त्यानंतर साठ वर्षांनी उभे राहिले, यावरून या क्षेत्राची गती किती मंद होती हे ध्यानात यावे.

या इतिहासात एक प्रकरण असे आहे की ज्याचा धागा आपल्यापर्यंत येतो. १९५० नंतरच्या दशकात पश्चिम नायजेरियातील इलेशा आणि इमेसी-इले येथे डेव्हिड मॉर्ली या इंग्रज डॉक्टराने पाच वर्षांखालील मुलांचे दवाखाने सुरू केले, आणि ते चालविण्याची मुख्य जबाबदारी परिचारिकांवर सोपविली. आजारी मुलास औषध, निरोगी मुलास लस, प्रत्येक मुलाचे वजन आणि त्या वजनाचा आलेख आईच्या हाती, हे सर्व एकाच छपराखाली. मुलाच्या वाढीची रेषा दाखविणारा तो तक्ता पुढे देशोदेशी गेला. आपल्या अंगणवाड्यांत वजनकाट्याशेजारी जो आलेख असतो तो त्याच कुळातला. मॉर्लींचे नाव त्या तक्त्यामुळे राहिले. ज्या परिचारिकांनी हजारो वेळा त्यावर ठिपका देऊन आईला रेषेचा अर्थ समजावून सांगितला त्यांची नावे राहिली नाहीत, आणि परिचर्येच्या इतिहासात हे जागोजाग घडते.

शिक्षणाची आजची स्थिती देशपरत्वे फार विषम आहे. दक्षिण आफ्रिकेत बालपरिचर्या ही नोंदणीकृत विशेष शाखा आहे. नायजेरियात काही अध्यापन-रुग्णालयांना जोडून मूळ पदविकेनंतरचे बालपरिचर्येचे वर्ग चालतात. घानाने परिचारिका व सुईणींचे राष्ट्रीय महाविद्यालय स्थापून टोरांटोच्या बालरुग्णालयाच्या साहाय्याने या शाखेचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. केन्या, झांबिया आणि मलावी यांनीही गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपापले अभ्यासक्रम उभे केले. या हालचालीत केपटाउन विद्यापीठाचे स्थान विशेष आहे. तेथे २००८ साली रेड क्रॉस रुग्णालयाच्या आश्रयाने बालपरिचर्येच्या विकासाचा एक उपक्रम सुरू झाला, जो आज हॅरी क्रॉसली यांच्या नावाने ओळखला जातो. मिनेट कुत्सी यांच्या नेतृत्वाखालील या केंद्राने दक्षिण आफ्रिकेबाहेरील परिचारिकांनाही शिकविले. आणि तेवढ्यावर न थांबता त्या त्या देशातील विद्यापीठांनी स्वतःचे वर्ग सुरू करावेत, स्वतःच्या शिक्षिका तयार कराव्यात असा आग्रह धरला. मला या केंद्राची एक दृष्टी विशेष महत्त्वाची वाटते. विभागात आधीच जे चांगले चालले आहे ते शोधावयाचे, लिहून काढावयाचे आणि शिकवावयाचे. आफ्रिकेतील आरोग्यसेवेवर जे लिहिले जाते त्यात उणिवांच्या याद्याच इतक्या असतात की तेथील परिचारिकांना काही येते ही गोष्टच लेखकांना नवी वाटते.

उदाहरणच पाहावयाचे तर त्याच रेड क्रॉस रुग्णालयातील ब्रीदईझी या उपक्रमाचे पाहावे. श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसविलेली मुले एके काळी घरी जाऊच शकत नसत, कारण नळी तुंबली तर काही मिनिटांत प्राण जातो. तेथील परिचारिकांनी आयांना नळी स्वच्छ करणे, बदलणे आणि संकट ओळखणे इतक्या नेटाने शिकविले की पत्र्याच्या झोपडीत राहणारी आईसुद्धा आपले मूल घरी नेऊन सांभाळू लागली. एखाद्या श्रीमंत देशात याच कामासाठी घरी परिचारिका पाठवावी लागते. आईची क्षमता कोणत्या पायरीला पुरी झाली, तिला घरी सोडण्यात धोका किती, हे ठरविणे हा परिचारिकेचाच निर्णय, आणि तो निर्णय घेण्याची विद्या हीच बालपरिचर्या.

आईचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे विषयांतर करतो. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आजारी मुलाच्या आईला रुग्णालयात आठवड्यातून मोजके तास भेटू देत; १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी आईवाचून रुग्णालयात राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट काढला, १९५९ साली प्लॅट समितीने आयांना मुक्त प्रवेश द्यावा अशी शिफारस केली, आणि त्यानंतर हळूहळू दारे उघडली. आफ्रिकेतील सामान्य सरकारी विभागात आई मुळातच हजर असते. तीच भरविते, पुसते, औषधाची वेळ झाल्याची आठवण देते, आणि रात्री खाटेखाली वा खुर्चीवर निजते. पाश्चात्त्य बालपरिचर्येने जे तत्त्व दीर्घ वादानंतर स्वीकारले ते येथे गरिबीने आयते दिले आहे. मात्र आयते मिळाल्यामुळे त्याची किंमत कोणी केली नाही. आईला अन्न, न्हाणीघर, निजण्यास चटई यांची तरतूद अंदाजपत्रकात क्वचितच असते, आणि वर्गात शिकविताना ‘नातेवाइकांची गर्दी’ हा मथळा अजून गाळला गेलेला नाही. परदेशी पुस्तकाबरहुकूम आईला बाहेर काढणारी आणि घरच्या रीतीप्रमाणे तिला सहकारी मानणारी अशा दोन्ही परिचारिका एकाच विभागात भेटतात. पहिली बहुधा परीक्षेत अधिक गुण मिळविते.

पुस्तक कोठले, हा प्रश्न केवळ अभिमानाचा नाही. केन्या, युगांडा व टांझानिया येथील तीन हजारांवर तापग्रस्त, धक्क्याच्या अवस्थेतील बालकांवर झालेल्या ज्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले, तिने सर्वांनाच चकित केले : शिरेतून झपाट्याने द्रव देण्याचा श्रीमंत देशांतील प्रमाण उपचार ज्यांना मिळाला त्यांच्यापैकी शेकडा साडेदहा बालके अठ्ठेचाळीस तासांत दगावली, आणि ज्यांना तो मिळाला नाही त्यांच्यापैकी ७.३. अतिदक्षता विभाग आणि कृत्रिम श्वासयंत्र पाठीशी असताना जे हितकर, ते त्यांच्या अभावी घातक ठरले. उलट दिशेचा दाखला नवजात बालकांचा आहे. आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधून ठेवण्याची पद्धती कोलंबियात निघाली. पण बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता ती तात्काळ सुरू करावी काय, याची परीक्षा घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि आपली दिल्ली येथील रुग्णालयांत झाली, आणि २०२१ च्या निष्कर्षांत मृत्यूचे प्रमाण शेकडा १५.७ वरून १२ वर आलेले दिसले. ब्लांटायरमध्येच पाण्याच्या बुडबुड्यांनी दाब निर्माण करून अर्भकाच्या नाकाद्वारे श्वासाला आधार देणारे स्वस्त यंत्र वापरले गेले, तेव्हा श्वसनकष्ट असलेल्या नवजातांपैकी जगण्याचे प्रमाण शेकडा ४४ वरून ७१ वर गेले. यंत्र कोणाला लावावे, नळी नाकात नीट बसली की नाही, पाणी बुडबुडते आहे की थांबले, नाकाचा पडदा झिजतो आहे काय, हे पाहणारी परिचारिका नसेल तर ते यंत्र भांडारात धूळ खाते, आणि तशा भांडारांची आफ्रिकेत वाण नाही.

येथे पुन्हा मूळ मुद्द्याकडे येतो. समजा एखाद्या जिल्ह्यातील परिचारिकेने दोन वर्षे घर सोडून बालपरिचर्येचे शिक्षण घेतले. ती परत रुजू होते तेव्हा आरोग्य खात्याच्या पदांच्या तक्त्यात ‘बालपरिचारिका’ असा हुद्दाच नसतो. तेव्हा ती पूर्वीच्याच वेतनश्रेणीत, पूर्वीच्याच नावाने हजेरीपटावर येते, आणि दर काही महिन्यांनी होणाऱ्या विभागबदलाच्या हुकुमाने कधी प्रसूतिगृहात तर कधी अस्थिरोगाच्या विभागात जाते. मेट्रनबाईंचा यात व्यक्तिशः दोष नसतो. त्यांच्या हाती दहा माणसे आणि बारा विभाग असतात. परंतु अशा बदल्यांनी ज्ञानाची नासाडी होते, आणि ज्या विद्यार्थिनींनी त्या परिचारिकेच्या हाताखाली शिकावयाचे त्यांना शिक्षिकाच उरत नाही. खुद्द दक्षिण आफ्रिकेत, जेथे शाखेला कायदेशीर मान्यता आहे तेथेही, शिक्षणव्यवस्थेच्या पुनर्रचनेत जुन्या अभ्यासक्रमांचे शेवटचे प्रवेश २०१९ अखेर झाले आणि नव्या पदव्युत्तर पदविकांना मंजुरी मिळण्यास विलंब लागला. दप्तरातील या दिरंगाईची भरपाई विभागांना करावी लागते.

स्थलांतराविषयी फार लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली ज्या ५५ देशांतून आरोग्यसेवकांची भरती संयमाने करावी असे सुचविले, त्यांपैकी ३७ देश आफ्रिका विभागातील आहेत. नायजेरियाच्या परिचर्या परिषदेने २०२४ मध्ये दोन वर्षे देशात सेवा केल्याखेरीज परदेशासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होणार नाही असा नियम काढला आणि त्यावर बराच गदारोळ झाला. केन्याने मात्र २०२१ मध्ये ब्रिटनशी परिचारिका पाठविण्याचा करारच केला. दोन्हींमागे एकच विसंगती आहे : इस्पितळांत जागा रिकाम्या आणि गावोगाव प्रमाणपत्रधारक परिचारिका बेकार, कारण खजिन्याला पगाराची तरतूद परवडत नाही. २००१ साली अबुजा येथे आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी अंदाजपत्रकाचे शेकडा १५ आरोग्यावर खर्चण्याचे वचन दिले होते. ते पाळणारी राष्ट्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. मलावीने २००४ पासून देणगीदारांच्या मदतीने आरोग्यसेवकांच्या वेतनात शेकडा ५२ ची भर घातली तेव्हा माणसे टिकली, एवढे सांगितले की या प्रकरणात उपदेशाला फारसा वाव राहत नाही. बंदीने कोणी थांबत नाही. पगार, घर आणि हुद्दा यांनी माणूस थांबतो.

देणगीदारांविषयीही एक शब्द. चार-पाच दिवसांचे वर्ग, जेवण, प्रवासभत्ता आणि शेवटी छायाचित्रासह प्रमाणपत्र, या प्रकाराला आफ्रिकेतील आरोग्य खात्यांत जणू समांतर शिक्षणव्यवस्थेचे रूप आले आहे. एका परिचारिकेला एका आजारासाठी एक संस्था बोलाविते, पुढच्या महिन्यात दुसऱ्या आजारासाठी दुसरी; आणि त्या काळात विभागात तिच्या जागी कोणी नसते. तातडीच्या उपचारांसारख्या नेमक्या कौशल्याला असे वर्ग उपयोगी पडतात हे ब्लांटायरवरून दिसते, पण तेथेही ते टिकले कारण व्यवस्था बदलली. एकाच रुग्णालयातून एकटी परिचारिका निवडून दूर पाठविण्यापेक्षा तीन-चार जणींना एकत्र पाठवावे, त्यांना काही आठवडे वर्गात आणि उरलेला काळ स्वतःच्या विभागात शिकवावे, त्यांच्या शिक्षिकेने तेथे येऊन खाटेपाशी उभे राहावे, ही पद्धती महाग दिसते. पण परत आल्यावर चौघीजणी एकमेकींना धरून राहतात आणि जुनी वहिवाट बदलण्याइतके त्यांचे बळ होते. एकटी आलेली विदुषी तीन महिन्यांत पूर्वीसारखी काम करू लागते.

तेव्हा क्रम उलटा करावयास हवा. आज आधी अभ्यासक्रम निघतो, मग विद्यार्थिनी निवडल्या जातात, मग त्यांचे काय करावयाचे हा प्रश्न खात्यापुढे येतो. आधी बालपरिचारिकेचा हुद्दा वेतनश्रेणीसह तक्त्यात घालावा, तिची बालविभागाबाहेर बदली करावयाची झाल्यास वरिष्ठांची लेखी मंजुरी लागावी असा नियम करावा, तिच्याकडे शिकविण्याचे काम वेळ राखून सोपवावे, आणि नंतर वर्गाचे दार उघडावे. ज्या सरकारने पद निर्माण केलेले नाही त्याने अभ्यासक्रमासाठी पैसा मागू नये, आणि ज्या देणगीदाराने ते पद मागितलेले नाही त्याने तो देऊ नये.